फुलीकाका आणि ग्रहभक्षक

काकांची आणि माझी पहिली भेट भांडणानं झाली. मी नवी, टेबल नवं, आणि कधी बोलणं ना चालणं असा हा म्हातारा आत येतो काय, वाकून टेबलाखाली डोकं घालतो काय, आणि खिशातून निळा मेणखडू काढून डाव्या पायावर ठसठशीत फुली मारतो काय! मी ताडकन उठले.

"अहो, काय करून राहिले तुम्ही?"

"पाय आखूड हाय," ते म्हणाले. "तुले दिसत नाई, कारण तू वरून पाहून राह्यली. कोणती बी वस्तू आधी उलटी करून पाह्यजो, पोरी. समोरून सारंच चांगलं दिसते."

आणि गेले. मी ओल्या फडक्यानं ती फुली घासत बसले, ती काही गेली नाही. पाय खरंच आखूड होता. टाइप करताना टेबल डुगडुगायचं. पण ते मी त्यांच्यासमोर कधी कबूल केलं नाही. का करायचं? चूक दाखवायची ती दाखवायची, वर उपदेशही करायचा!

पुलगावात सगळे त्यांना फुलीकाका म्हणत. खरं नाव रेशनकार्डावर असेल. हयात गिरणीत गेली होती, कापड तपासण्यात. विणून आलेला तागा दिव्यासमोरून हळूहळू सरकत जायचा आणि काका उभे राहून बघायचे. कुठे धागा तुटलाय, कुठे गाठ आलीय, कुठे तेलाचा डाग पडलाय. खोट दिसली की तिथे निळी फुली. तीस वर्षं हेच काम. मग गिरणीतून बाहेर पडले ते खडू खिशात घेऊनच. समोर कापड नव्हतं, मग जे दिसेल ते तपासायला लागले.

आमचं साप्ताहिक स्टेशनच्या रस्त्यावर, शेठजींच्या धान्याच्या दुकानामागच्या खोलीतून निघायचं. शेठजी मालक आणि संपादक. बातम्या टाइप करणं, पानं लावणं, टपाल, आणि ग्राहकांच्या शिव्या खाणं माझ्याकडे. बुधवारी संध्याकाळी पानं वर्ध्याला छापायला जायची, शुक्रवारी अंक हातात. नव्वदचं दशक संपत आलं होतं, बाजारात रोज काहीतरी नवं येत होतं. शेठजींना वाटलं, या नव्या वस्तूंवर कोणी चार ओळी लिहिल्या तर दुकानदार खूश होतील आणि जाहिराती देतील. आणि लिहायला त्यांनी बोलावलं कोणाला? काकांना! शेठजींची बुद्धी त्या दिवशी कुठे चरायला गेली होती, देव जाणे.

सदराचं नाव 'नवा माल'. काकांचा साचा ठरलेला. वर 'वस्तू', खाली 'कुठून आली', त्याखाली 'फुल्या', आणि मग एकेक खोट. न तुटणाऱ्या कंगव्यावर त्यांनी लिहिलं, "दुकानातच तुटला. दुकानदाराने दुसरा दिला. तोही तुटला. तिसरा देईना." मच्छर पळवणारं यंत्र घेऊन ते दोन तास खोलीत कोंडून बसले आणि बाहेर येऊन लिहिलं, "मच्छर पळत नाहीत. दुसऱ्या भिंतीवर जाऊन बसतात. चक्कर मात्र मला आली." एकावर एक मोफत मिळणाऱ्या साबणाबद्दल लिहिलं, "दोन्हींत मोफत कोणता, हे दुकानदार सांगू शकला नाही. काहीतरी दडवून राहिला आहे."

सात वर्षांत एकही वस्तू बिनफुलीची सुटली नाही. दुकानदार दात-ओठ खायचे, आणि जाहिराती वाढायच्या ऐवजी घटल्या. पण लोक पान उलटून आधी 'नवा माल' वाचायचे आणि अंक खपायचा. शेठजींना ना ते सदर ठेववेना, ना काढवेना.

वस्तूंचं एक वेळ ठीक आहे, पण काकांचा संशय माणसांवरही तेवढाच. शेठजींनी "काका, तब्येत बरी?" म्हटलं, की यांचं "काऊन? कोण काय बोललं?" लग्नाची पत्रिका आली की आधी मागची बाजू. स्टेशनवर गाडी वेळेवर असल्याचं सांगितलं तर म्हणायचे, "मंग काहीतरी भानगड हाय." कोणी वाकून नमस्कार केला, की हे आधी आपल्या चपला जागेवर आहेत का ते बघायचे. चहाचा कप उपडा करून बूड पाहिल्याशिवाय त्यात चहा ओतू द्यायचे नाहीत.

हा रोग लागणारा होता. वर्षभरात मीही पाकिटं उलटीपालटी करायला लागले. कारंज्याहून मला बघायला एक मुलगा आला, त्याला मी इतकं खोदून खोदून विचारलं की तो अर्धे पोहे ताटलीत टाकून निघून गेला. आई रडली. मी काकांना सांगितलं, तर म्हणाले, "पोहे टाकून गेला? मंग बरंच झालं." मला हसू आलं आणि मन हलकं झालं, ते मी आईला सांगितलं नाही.

पण 'चांगलं आहे' हा शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकला नव्हता. काकू, म्हणजे त्यांच्या घरच्या, एकदा मला म्हणाल्या, "काय सांगू वं बाई तुले. भाजीत मीठ कमी पडलं की बोलते. तिखट जास्त झालं की बोलते. आन चांगली झाली की? काईच नाई. जेवते आन हात धुते. लग्नाले इतकी वर्सं झाली, पन एका शब्दानं म्हनलं नाई मानसानं!"

मी म्हटलं, "तुम्ही विचारायचं ना."

"इचारलं. त म्हनते, काऊन? काय टाकलं त्याच्यात?"

आता तान्ह्या पोळ्याचं सांगते. हे मी साप्ताहिकात येण्याच्या आधीचं. मी तेव्हा कॉलेजात होते आणि गर्दीत उभी राहून सगळं डोळ्यांनी पाहिलंय.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान पोरं चाकांचे लाकडी नंदी सजवून मैदानावर आणतात आणि त्यांतून नंबर काढतात. आदल्या वर्षी परीक्षकानं आपल्याच भाच्याला पहिला नंबर दिला म्हणून मोठा राडा झाला होता. म्हणून त्या वर्षी परीक्षक म्हणून काका. गावातला सगळ्यात संशयी माणूस, तो कोणाच्या बापाला भीक घालणार नाही, असा हिशेब.

अहो, काय सांगू! काकांनी पहिलाच नंदी उचलला आणि उलटा केला. झूल खाली, घुंगरं खाली, शिंगांची बेगड खाली. पोरगं भोकाड पसरून रडायला लागलं. काकांचं लक्षच नाही. "चाक वाकडं," फुली. "डावं शिंग मोठं," फुली. "रंगाखाली जुना रंग हाय, मागच्या सालचाच नंदी," फुली. चाळीसेक नंदींच्या पोटावर निळ्या फुल्या. आया पदर खोचून पुढे आल्या. "आमच्या लेकराच्या नंदीले उलटं करनारा तू कोन?" असा एकच कालवा.

रांगेच्या शेवटी काकांचा स्वतःचा मुलगा उभा होता. बारा-तेरा वर्षांचा, हडकुळा. त्यानं नंदी विकत आणला नव्हता, दोन महिने बसून सागाच्या तुकड्यातून स्वतः कोरला होता. बाकीच्या नंदींची शिंगं सरळसोट, याच्या नंदीची टोकाशी आत वळलेली. काकांनी तो उचलला. एकदा उलटा केला, एकदा सुलटा केला, आणि खाली ठेवला. फुली नाही, शब्द नाही. खडू खिशात टाकला आणि म्हणाले, "माहं काम तपासाचं होतं, ते झालं. बक्षीस तुमी वाटा." आणि गेले निघून.

गर्दीत लगेच कुजबुज, "पाह्यलं? सोताच्या पोराले सोडलं." शेवटी चिठ्ठ्या टाकून नंबर काढला. पण मला आठवतं ते त्या पोराचं तोंड. सगळ्यांच्या नंदीला फुल्या होत्या, सगळे फुल्या दाखवत एकमेकांत भांडत होते, आणि हा आपला नंदी पोटाशी धरून एकटाच उभा. नंतर तो आईला म्हणाला म्हणे, "बाबांनी सगळ्यांचे पाह्यले. माहा पाह्यलाच नाई. मले मालातच नाई धरलं." ते ऐकून मला काकांचा असा राग आला होता, की काय सांगू.

पोरगं मोठं झालं, बारावीनंतर नागपूरला चित्रकला शिकायला गेलं, तिथून पुण्याला. बापलेकांचं बोलणं नव्हतं. काय ते निरोप काकूंमार्फत.

आणि मग ग्रहभक्षक आला.

तेव्हा टीव्हीवर रविवारी सकाळी एक हिंदी मालिका लागायची, अंतराळातली. तिचा खलनायक हा ग्रहभक्षक. नावाप्रमाणे ग्रह खायचा. गावातली पोरं त्याच्यासाठी आंघोळ टाळून बसायची. एका सोमवारी टपालानं पुण्याहून पार्सल आलं, आत बुटांच्या खोक्याएवढा खोका, पुढून पारदर्शक. आतमध्ये तो. काळा झगा, डोक्यावर शिंगांचा टोप, उजवा हात वर, आणि तीन बोटांच्या चिमटीत बोराएवढा ग्रह. खाण्याआधी तो ग्रह उजेडात धरून, एक भुवई उडवून, निरखून बघतोय.

शेठजी दारातून आत आले, खोक्याकडे बघितलं आणि म्हणाले, "अरे बाप्पा! हे तर आपले काका!"

तेच होतं. ती भुवई आणि खडू धरल्यासारखी ती बोटं पाहिल्यावर शंकाच नको. मी सोबतचं पत्र उघडलं. ते मला इतक्या वेळा वाचावं लागलंय की पाठ आहे.

"मॅडम, मी तुमच्या फुलीकाकांचा मुलगा. पुण्यात खेळण्यांचे मूळ मातीचे नमुने घडवतो. ही मूर्ती माझी. साचा काढून मोजक्याच प्रती केल्या आहेत, हौशी संग्राहकांसाठी. ते लोक खोका कधी उघडत नाहीत. बाबा उघडतील, हे मला माहीत आहे. उघडू द्या. माझं नाव मात्र त्यांना सांगू नका. 'नवा माल'मध्ये त्यांनी लिहावं एवढीच इच्छा. बारा फुल्या मारल्या तरी चालेल. एकदा त्यांनी माझं काम पाहावं. अंक खालच्या पत्त्यावर पाठवा."

पत्र वाचून माझे डोळे भरून आले. चोवीस-पंचवीस वर्षांचा कमावता माणूस, आणि बापाकडे काय मागतोय? तर फुली.

काका आले. मी खोका पुढे केला.

"कुठून आला हा?"

"वर्ध्याच्या दुकानातून," मी ठोकून दिलं.

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग खोक्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. माझे कान तापले. "खोक्यावर काय लिवलं? संग्रहासाठी. म्हणजे खेळाले नाई, पूजेले नाई. मंग कायले?"

"काका, हौशी लोक असतात. ते जपून ठेवतात. खोका उघडतही नाहीत."

"न उघडता पास?" काकांच्या डोळ्यांत खरीखुरी भीती दिसली. "हा कोणता धंदा वं पोरी? आतमंदी गोटे भरून देले तरी या लोकायले समजणार नाई!"

त्यांनी ब्लेड मागितलं. खोका उलटा करून बुडाची चिकटपट्टी अशी अलगद सोडवली, की पुढून बघणाऱ्याला पत्ता लागू नये. ग्रहभक्षक बाहेर आला. काकांनी तो उलटा केला, तळपाय पाहिले, झग्याची आतली बाजू पाहिली, शिंगांवरून अंगठा फिरवला. दोन शिंगांवरून दोनदा. चेहऱ्याकडे त्यांनी सगळ्यात शेवटी पाहिलं. तो भुवई उडवून यांच्याकडे बघतोय, आणि हे भुवई उडवून त्याच्याकडे!

मला वाटलं, आता फुटतो फटाका. पण काकांनी बाहुला खोक्यात घातला आणि खोका काखेत मारला. "घरी नेतो. अजून पाह्याचं हाय."

कंगवा त्यांनी पाच मिनिटांत निकालात काढला होता. प्रेशर कुकरला एक सकाळ लागली होती. ग्रहभक्षक तीन आठवडे घरी होता. मी दर बुधवारी विचारायचे, आणि ते म्हणायचे, "पाहून राह्यलो." मला शंका यायला लागली. यांना चेहरा कळला. मुलानं आपल्याला राक्षस केलं, हे कळलं, आणि म्हातारा घरी बसून धुमसतोय. जितका विचार करावा तितकं तेच खरं वाटायचं. संशयाचं शिक्षण मला त्यांनीच दिलं होतं ना!

चौथ्या बुधवारी त्यांनी घडी घातलेला कागद माझ्या टेबलावर ठेवला. काही न बोलता गेले. मी घडी उघडली.

"वस्तू: ग्रहभक्षक, बाहुला. कुठून आली: पुणे. फुल्या:"

बस. पुढे काही नाही. अख्खा कागद कोरा, आणि तळाशी सही.

पुणे! मी वर्धा सांगितलं होतं, यांनी पुणे लिहिलं. म्हणजे सगळं ओळखलं होतं, आणि ओळखून हा कोरा कागद माझ्या तोंडावर फेकला होता. पोराच्या कामावर एक ओळ खरडायचीसुद्धा यांची तयारी नाही! माझं डोकंच फिरलं. त्यांच्यामागे रस्त्यावर जाऊन एक शब्द विचारला असता तर? पण मी गेले नाही. संध्याकाळी पानं वर्ध्याला जायची होती आणि पानावर भोक पडलं होतं. शेठजींच्या मेव्हण्याची कूलरची जाहिरात पडून होती. ती मी तिथे टाकली, आणि बरी जिरली म्हाताऱ्याची, असंही मनात म्हटलं. खोटं कशाला बोलू?

शुक्रवारी काका आले. अंक उचलला. 'नवा माल'च्या जागी कूलर बघितला. पान उलटलं, मागे पाहिलं, पुन्हा सुलटं केलं. मग खडू काढून त्या कूलरवर फुली मारली, आणि खडू माझ्यासमोर टेबलावर ठेवला.

"बाई," ते म्हणाले, "आता माल तुमीच पाह्यजा."

सात वर्षं मी पोरी होते. त्या दिवशी बाई झाले. ते पुन्हा कधी आले नाहीत, आणि मीही बोलवायला गेले नाही. ते अजून ताठ्यात बसलेत, असंच मी धरून चालले. पत्रात मागितल्याप्रमाणे अंक पुण्याला पाठवला, सोबत दोन ओळी. "मूर्ती तीन आठवडे त्यांच्याकडे होती. त्यांनी काही लिहिलं नाही." शब्द न् शब्द खरा. त्यानंतर त्या मुलाचं काकूंना येणारं पत्रही थांबलं, असं कळलं. मी म्हटलं, बरोबरच आहे त्याचं.

पुढच्या हिवाळ्यात काका गेले. सकाळी अंगणात बसल्या बसल्या. मुलगा पोचला तोवर सगळं आटोपलं होतं.

मी तेराव्याला गेले. त्यांच्या घरात पहिल्यांदाच पाऊल ठेवत होते. बघते तर दाराच्या चौकटीवर फुली, घड्याळावर फुली, खुर्चीच्या हातावर फुली, भिंतीतल्या भेगेपाशी फुली. लग्नाच्या फोटोच्या काचेवरसुद्धा कोपऱ्यात एक, फोटोवाल्यानं पाय कापले म्हणून. मुलगा मान खाली घालून बसला होता. त्यानं माझ्याशी नीट बोलायचा प्रयत्न केला, अगदी स्वच्छ पुणेरी मराठीत. "तुम्ही प्रयत्न केलात, आभारी आहे," असं काहीसं.

काकूंनी त्याच्यापुढे पत्र्याची पेटी आणून ठेवली. "याले हात लावू देत नव्हते कोनाले. पाह्य बा काय हाय त."

आत धुतलेल्या पांढऱ्या कापडात बांधलेलं गाठोडं होतं. त्यानं सोडलं. ग्रहभक्षक. आणि त्याच्या शेजारी, शिंगाला शिंग लावून, तो सागाचा नंदी. दोघांच्या शिंगांचं वळण एकच. अंगठा दोनदा का फिरला होता, ते मला तेव्हा कळलं.

मुलानं दोन्ही उचलून उलटंपालटं केलं. पोटावर, पायावर, पाठीवर. तो काय शोधतोय ते मला समजत होतं. "एक फुलीसुद्धा नाही," तो म्हणाला. "एवढ्या घरात हे दोनच सोडले."

कोपऱ्यात एक म्हातारे गृहस्थ बसले होते. गिरणीत काकांच्या शेजारच्या टेबलावर तीस वर्षं कापड बघितलेले. ते म्हणाले, "मंग? फुली काऊन राहीन?"

"काही म्हणायचं नव्हतं त्यांना," मुलगा म्हणाला.

"अरे बापू, तुले कोनं सांगतलं नाई का?" म्हातारे पुढे सरकले. "फुली खोटीले असते. चांगल्या ताग्यावर काय मारतं? बिनखोटीच्या मालाले खडू लावला, त तोच त्याचा डाग होते. तो माल तसाच पुढं जाते, गपचूप. आमच्याकडं पास म्हनत नाई, पास लिवत नाई. फुली नाई म्हनजे पास."

काकूंनी हातातलं तबक खाली ठेवलं.

"माय वं," त्या म्हणाल्या. "म्हनजे भाजी... गप जेवत होते ते..." आणि तोंडाला पदर लावून त्या हुंदके द्यायला लागल्या.

मी मुलाला सांगितलं. सगळं सांगितलं. कागद कोरा नव्हता, वर वस्तूचं नाव होतं, पुणे होतं, 'फुल्या' होतं आणि खाली त्यांची सही होती. पुढे काही लिहिलं नाही ते रागानं, असं मीच ठरवलं, मी त्यावर कूलर टाकला, मी तुम्हाला ती दोन ओळींची चिठ्ठी पाठवली. काकांनी शेवटची फुली कूलरवर मारली असं मी वर्षभर समजत होते. ती माझ्यावर होती. बोलताना मी रडत होते आणि रडायचा मला काय हक्क, म्हणून स्वतःवर चिडतही होते.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "तो कागद आहे?"

होता. मी काहीच फेकत नाही. तशीच उठून कार्यालयात गेले, फाइलमधून कागद काढून आणला. त्यानं तो हातात घेतला, आधी उलटा करून मागची बाजू बघितली, मग सुलटा केला. 'फुल्या'च्या पुढच्या कोऱ्या जागेवरून हळूहळू बोट फिरवलं, थेट सहीपर्यंत.

"पाह्यलं म्हणजे त्यानं," तो म्हणाला. पुणेरी कुठल्या कुठे गेली होती. "दोन्ही बार पाह्यलं." आणि मग तो नंदीवर डोकं टेकवून लहान पोरासारखा रडला.

निघताना मी खडू त्याच्यापुढे धरला. त्यानं तो माझ्या मुठीत परत दाबला. "ठेवा तुमच्यापाशी. तुमच्या अंकाले लागते."

पुढच्या बुधवारी मी त्यांच्या कागदावरचा मजकूर पानात लावला. 'नवा माल', खाली वस्तू, कुठून आली, फुल्या, मग वीतभर पांढरी जागा, आणि तळाशी काकांचं नाव. त्यांचं खरं नाव, रेशनकार्डावरचं, काकूंना विचारून घेतलेलं.

शेठजींनी पान बघितलं आणि कपाळाला हात लावला. "पोरी, एवढी जागा कोरी काऊन सुटली? जाहिरात हाय ना आपल्याकडं!"

"सुटली नाई, शेठजी," मी म्हटलं. "तपासून झाली."